बोका घरात फवारे मारतो तेव्हा

आधी शेपटी बघा. बोका दाराकडे, भिंतीकडे नाहीतर शिलाई मशीनच्या पायाकडे पाठ करून उभा राहिला, शेपटी ताठ वर गेली, तिचं टोक थरथरायला लागलं आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे हलले, की समजा तो लघवीला गेलेला नाही. तो निशाणी मारतोय. ही ओल जमिनीवर नसते. जमिनीपासून वीतभर वर लागते आणि तिथून खाली ओघळते. लघवी थोडीशीच असते, पण वास अख्ख्या खोलीला पुरतो.

खाली बसून गादीवर किंवा पायपुसण्यावर मोठं थारोळं करणाऱ्या बोक्याचं दुखणं वेगळं. त्याला एकतर लिटरची पेटी (मांजराने शी-शू करायची, रेती किंवा दाणे भरलेली पेटी) पटत नाही किंवा आतून काही त्रास आहे. त्याच्यावर इथले उपाय करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि एक गोष्ट सगळ्यांत अगोदर सांगून टाकते, कारण ती कळायला उशीर झाला तर जीव जातो. बोका पेटीत पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, सारखं खाली चाटतो आणि थेंबभर येतं किंवा काहीच येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. तो तुंबला तर एक-दोन दिवसांत बोका दगावतो. तेव्हा हातातलं काम टाकून दवाखाना गाठायचा.

आता आमच्या गुंड्याचं सांगते.

मी नागपूरच्या महाल भागात राहते, बडकस चौकापासून पायी पाच-सात मिनिटांवर. घर जुनं, खालच्या मजल्यावरचं, मागे लहानसं अंगण. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. ब्लाउज, फॉल-पिको, अस्तर, फिटिंग. घरात दोन मांजरं. बॉबीन मोठी, तिचं नसबंदीचं ऑपरेशन केव्हाच झालेलं. गुंड्या तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये, पहिल्या पावसात, अंगणातल्या कवेलूंच्या ढिगाखाली सापडला. मूठभर होता. कपाळावर गुंडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून गुंड्या.

संक्रांतीनंतर त्याचा आवाज बदलला. रात्री दारापाशी घसा ताणून ओरडायचा. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो आणि त्या वाढत्या उजेडाबरोबर मांजरी माजावर यायला लागतात. त्यांचा वास आला की बोके जागेवर राहत नाहीत. गुंड्या तेव्हा आठ महिन्यांचा झाला असेल. बोके पाच-सहा महिन्यांपासूनच वयात यायला लागतात, म्हणजे ऑपरेशनची वेळ खरं तर उलटून गेली होती. पण लग्नसराईचं काम डोक्यावर होतं. मी म्हटलं, मे संपला की बघू.

एप्रिलमध्ये एका नवरीचे पाच ब्लाउज माझ्याकडे होते. चार झाले होते, पाचवा मरून रंगाचा, रेशमी, साडीतूनच निघालेल्या कापडाचा. शिवून कापडी पिशवीत घालून कटिंगच्या टेबलाखाली ठेवला होता. संध्याकाळी नवरीची आई घ्यायला आली, मी म्हटलं एक हात इस्त्री फिरवून देते. वाफ लागली आणि त्या वाफेबरोबर असा वास उठला की माझा हात थांबला. आधी वाटलं इस्त्रीतलं पाणी खराब आहे. मग ब्लाउज उलटा केला. अस्तरावर, डाव्या कुशीत, पिवळट कडा असलेला डाग वाळलेला होता. मधे जवळजवळ काहीच नाही, फक्त कडेला खळ दिल्यासारखं कडक. समोर उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "काय जी ताई, कायचा तरी वास येऊन राहिला ना." लग्नाला चार दिवस होते. साडीतलं कापड संपलेलं. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडल्या उघडल्या इतवारीत गेले, रंगाला रंग लावून कापड आणलं आणि रात्री दोनपर्यंत बसून नवा ब्लाउज शिवला.

आणि त्याआधी, त्याच संध्याकाळी, मी जे केलं ते तुम्ही करू नका म्हणून सांगते. गुंड्याची मान धरली, त्याचं नाक त्या पिशवीला लावलं, ओरडले आणि त्याला रात्रभर अंगणात कोंडलं. सकाळी त्याला आत घेतलं. दुपारपर्यंत तीन नवीन निशाण्या: मागच्या दाराला, मशीनच्या लोखंडी पायाला आणि माझ्या चपलेला. बोक्याला मार आणि निशाणी यांचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की हे घर आता भरवशाचं राहिलं नाही. आणि घाबरलेला बोका आपला वास अजून जास्त ठिकाणी लावतो, कारण स्वतःच्या वासातच त्याला धीर येतो. नाक घासणं, पाणी मारणं, चप्पल फेकणं, हे सगळं आजपासून बंद. त्याला रंगेहाथ पकडलं तरी फक्त टाळी वाजवा, तिथून उठवा आणि जागा धुवा.

पहिलं काम: नसबंदी

बाकीचे सगळे उपाय याच्या मागे उभे राहतात. ऑपरेशन न झालेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचा घटक भरपूर असतो. तो हवेत फुटत जातो आणि त्यातून गंधक असलेली, नाकात घुसणारी द्रव्यं तयार होतात. म्हणून ताज्या फवाऱ्यापेक्षा काही तासांनी वास जास्त येतो. हे सगळं नराच्या हार्मोनवर चालतं. ऑपरेशन झालं की वास उतरतो आणि दहापैकी साधारण नऊ बोके निशाणी मारणं सोडतात किंवा अगदी कमी करतात. सवय पक्की व्हायच्या आत, पाच-सहा महिन्यांच्या वयात केलं तर सगळ्यांत बरं. मोठ्या बोक्याचंही करता येतं, फायदा होतोच, फक्त धीर जास्त लागतो.

नागपुरात यासाठी खाजगी दवाखाने बरेच आहेत. शिवाय सेमिनरी हिल्सला १९५८ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्यात मांजरंही बघतात. जुनी माणसं अजून "ढोरांचा दवाखाना" म्हणतात, त्यामुळे मांजर तिथे न्यायचं कित्येकांना सुचतच नाही. खर्च जागोजागी वेगळा असतो, आधी विचारून घ्या. आणि विचारताना हेही विचारा: ऑपरेशनच्या आधी लसी झालेल्या हव्यात का, रक्त तपासायचं का, किती तास उपाशी ठेवायचं. उपाशी ठेवायचे तास वयाप्रमाणे बदलतात, लहान पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवत नाहीत. शेजारणीने सांगितलं तेवढे तास धरू नका, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच धरा.

उन्हाळ्यात नेणार असाल तर सकाळी सातला निघा. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिशी गाठतो. भुलीतून नुकताच उठलेला बोका आणि दुपारचा बंद ऑटो, ही जोडी धोक्याची आहे. मी डॉक्टरांशी बोलून त्याला ऊन उतरेपर्यंत तिथेच ठेवलं आणि संध्याकाळी घरी आणलं. झाकणाची जाळीदार टोपली, आत जुनी सुती साडी, वरून ओलसर पंचा, पण जाळी मोकळी.

नराचं ऑपरेशन लहान असतं. गुंड्याला बाहेरून टाका नव्हता. पहिली रात्र त्याला वेगळ्या खोलीत, जमिनीवरच ठेवलं, कारण गुंगीत उडी मारली तर पडतो. पेटीत रेतीऐवजी चार-पाच दिवस वर्तमानपत्राचे तुकडे घातले, म्हणजे जखमेला कण चिकटत नाहीत. जखम सुजली, ओली दिसली किंवा तो सारखा चाटत बसला तर परत दाखवायचं. आणि दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही द्यायची नाही. माणसाची साधी गोळी मांजराचा जीव घेते.

ऑपरेशन करून आणला आणि दुसऱ्या दिवशी फवारा थांबला, असं होत नाही. हार्मोनचा परिणाम उतरायला काही आठवडे जातात. गुंड्याने ऑपरेशननंतर बाराव्या दिवशीसुद्धा दाराला एक निशाणी मारली होती, आणि मी रडकुंडीला आले होते. त्या काही आठवड्यांत त्याच्यापासून मांजरीला पिल्लं राहू शकतात, म्हणून बाहेर सोडू नका. नंतर खाणं थोडं कमी करा, या बोक्यांचं वजन पटकन वाढतं.

समोरच्या आजी मला म्हणाल्या होत्या, "काहून वं, मुक्या जीवाले कापून आणलं? पाप लागते." मी त्यांना गुंड्याच्या कानामागची जखम दाखवली, फेब्रुवारीत बाहेरच्या बोक्याशी भांडून आलेली, पू झालेली. अशा चावण्यांतून बोक्यांमध्ये गंभीर रोग पसरतात. गल्लीत दर पावसाळ्यात भिजून मरणारी पिल्लं त्यांनीही बघितली आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वाटीभर दूध घेऊन आल्या. दूध मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही, जुलाब होतात. ते मी चहाला वापरलं.

वास काढणं

ही पायरी लोक घाईघाईत उरकतात आणि मग म्हणतात, ऑपरेशन करूनही काही फरक नाही. आपल्या नाकाला वास गेला म्हणजे बोक्याच्या नाकाला गेला असं नाही. जुनी निशाणी फिकी पडली की तो येऊन ती ताजी करतो, एवढा साधा हिशोब आहे.

आधी सगळ्या जागा शोधा. मी अतिनील टॉर्च आणला, नोटा तपासायला वापरतात तसला. रात्री दिवे घालवून, जमिनीपासून दोन फुटांपर्यंतची प्रत्येक उभी जागा बघितली. शिंप्याच्या घरात यात एक घोळ होतो: पांढरा दोरा, कापसाचे तंतू, पावडरने धुतलेलं पांढरं कापड, सगळंच निळं चमकतं. मला सुरुवातीला वाटलं अख्खी खोलीच भरली आहे. लघवीचा डाग मंद, पिवळट-हिरवट दिसतो आणि त्याला खाली ओघळ असतो. दिसला की खडूने खूण करायची, दिवा लावून नाक जवळ न्यायचं, खात्री करायची. माझ्याकडे अकरा जागा निघाल्या. मला माहीत होत्या फक्त चार.

धुण्याआधी काय वापरायचं नाही ते बघा. फिनाईल नाही. फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर दुधी होणारी जंतुनाशकं, यांतली द्रव्यं मांजराच्या यकृताला निपटता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून तो पंजे चाटतो आणि विष पोटात जातं. ब्लीचिंग पावडर लघवीवर टाकली तर घातक वाफा निघतात, माणसालाही त्रास होतो. अमोनियावाली काच धुण्याची औषधं नकोत, लघवीत तोच वास असतो. संडासचं अ‍ॅसिड तर नकोच नको, त्याने फरशी जाते आणि वास राहतो. कपड्याच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्या लोक कोपऱ्यात टाकतात, "मांजर फिरकत नाही" म्हणून. त्या मांजराला विषारी आहेत. माझ्या पेटीतल्या गोळ्याही मी काढून टाकल्या, आता वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवते.

चालतं ते एन्झाइमवालं, म्हणजे लघवीतली प्रथिनं खाणारं द्रव्य असलेलं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं तयार द्रावण मिळतं, ते उत्तम. नसेल तर पाकिटावर एन्झाइम असल्याचं लिहिलेली कपड्यांची पावडर घ्या, एक भाग पावडर आणि नऊ भाग कोमट पाणी. कडकडीत पाणी नको, उष्णतेने एन्झाइम मरतात. ओल ताजी असेल तर आधी सुती फडक्याने टिपा, घासू नका. मग द्रावण लावा आणि दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, कारण एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, पूर्ण वाळू द्या. शेवटी सर्जिकल स्पिरिटचा हलका फवारा, तोही वाळेपर्यंत बोक्याला त्या खोलीत येऊ द्यायचं नाही. स्पिरिट पेट घेतं, इस्त्री आणि गॅस बंद ठेवा. पॉलिश केलेल्या लाकडावर ते मारू नका, पॉलिश निघतं.

कपड्यांचं मी खात्रीने सांगू शकते. सुती आणि पॉलिएस्टर एन्झाइमच्या पाण्यात खुशाल भिजवा. रेशीम आणि लोकर मात्र कधीच नाही. जे एन्झाइम लघवीतली प्रथिनं खातं, तेच रेशमाचा धागाही खातं, कारण रेशीम आणि लोकर ही प्रथिनंच आहेत. रेशमी कापड गार पाण्याने उलट्या बाजूने टिपायचं आणि सरळ ड्रायक्लीनला द्यायचं, लघवीचा डाग आहे हे न लाजता सांगून. आणि वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री लावायची नाही. उष्णतेने डाग बसतो. ते मी त्या मरून रंगाच्या ब्लाउजवर शिकले.

जुन्या घरांच्या भिंती चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या असतात, त्या लघवी पितात. वरून कितीही पुसा, पावसाळ्यात भिंत ओलावली की वास परत. मागच्या दाराजवळची भिंत मी शेवटी खरवडून घेतली, वाळवली आणि दोन फूट उंचीपर्यंत तिला ऑइलपेंट मारला. मशीनच्या ओतीव पायाच्या नक्षीत टूथब्रशने काम केलं. बारदानाचं पायपुसणं टाकून दिलं, ते धुऊन निघत नाही.

निशाणी कुणासाठी होती

एवढं केलं तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एक फवारा दिसला. खिडकीखाली, कूलरच्या शेजारी. माझ्या अकरा जागा कागदावर मांडल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सात जागा कूलरच्या खिडकीपासून आणि मागच्या दारापासून चार पावलांच्या आत होत्या. बाकीच्या चार म्हणजे बाहेरून आलेल्या वस्तू: गिऱ्हाइकांच्या पिशव्या आणि चपला. आणि घरात पहिली निशाणी पडली ती मी कूलर सुरू केला त्याच आठवड्यात.

एका रात्री दिवा घालवून खिडकीशी बसले. दीडच्या सुमाराला मोठा पिवळा बोका भिंतीवरून अंगणात उतरला. गालफडं फुगलेली, एक कान फाटलेला. ऑपरेशन न झालेल्या जुन्या बोक्यांचे गाल असेच भरलेले असतात. तो सरळ कूलरपाशी आला, पाठ केली, शेपटी वर, आणि डाव्या बाजूच्या खसच्या ताटीवर फवारा मारून निघून गेला.

आता कूलर काय करतो ते आठवा. ओल्या ताट्यांमधून बाहेरची हवा ओढतो आणि खोलीत सोडतो. म्हणजे त्या पिवळ्याचा वास रोज संध्याकाळी मी स्वतः, पंखा लावून, गुंड्याच्या घरात भरत होते. वाळलेला वास पाण्याने पुन्हा जागा होतो. गुंड्याच्या दृष्टीने रोज रात्री एक परका बोका घरात येत होता, दिसत मात्र नव्हता. तो भिंतींना उत्तर लिहीत होता. ते कळलं तेव्हा त्या रात्रीच्या कोंडण्याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी तिन्ही बाजूंच्या ताट्या बदलल्या. जुन्या धुवायच्या भानगडीत पडू नका, ताटी खसची असो की लाकडाच्या भुशाची, तिच्यात मुरलेला वास धुऊन जात नाही. कूलरची टाकी रिकामी करून एन्झाइमच्या पाण्याने धुतली, स्टँडचे पायही. मग स्टँडभोवती बारीक तारेची जाळी लावून घेतली, ताटीपासून हातभर अंतर ठेवून, म्हणजे हवा अडत नाही आणि बोक्याची पाठ ताटीपर्यंत पोहोचत नाही. अंगणात रात्री खरकटं ठेवणं बंद केलं. खिडकीच्या खालच्या काचांवर कटिंगचा खाकी कागद चिकटवला, कारण बाहेरचं मांजर नुसतं दिसलं तरी घरातला बोका निशाणी मारतो. उजेड वरून येतो, काम अडत नाही.

मागच्या गल्लीत कुणी तरी निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात, जनावरं मुतू नयेत म्हणून. आमच्याही अंगणात दोन होत्या. पिवळ्याने त्यातल्या एकीवर फवारा मारलेला होता. तिखट टाकायचा सल्लाही मिळाला. पंजाला लागलेलं तिखट डोळ्यात जातं, कुठल्याही जनावराला ते करू नये. आणि नागपूर म्हटलं की संत्र्याच्या साली आल्याच. तो वास मांजरांना आवडत नाही हे खरं, कुंडीच्या कडेला चार साली ठेवल्या तर ते तिथून बाजूने जातात. पण त्याने निशाणी मारायचं कारण जात नाही, तो दुसरी भिंत शोधतो. संत्र्याचं किंवा निलगिरीचं तेल मात्र वापरू नका. मांजराच्या अंगाला लागून चाटण्यात गेलं तर विषबाधा होते.

पिवळ्याचंही ऑपरेशन करून घेतलं. वस्तीतल्या एका मुलीकडे पकडायचा पिंजरा होता. आत सुकलेले झिंगे ठेवले, तिसऱ्या रात्री तो अडकला. अडकल्यावर लगेच पिंजऱ्यावर चादर टाकायची, अंधारात ते शांत होतात. हात घालायचा नाही, चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं. भुलीत असतानाच त्याच्या कानाचं टोक कापलं, म्हणजे याची नसबंदी झाली आहे हे लांबून कळतं. बरा झाल्यावर त्याला गल्लीतच सोडलं. त्याला हाकलून उपयोग नसतो, रिकाम्या गल्लीत दुसरा बोका येतो.

घरातली मांडणी

पेट्या मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. दोन मांजरं, तीन पेट्या, आणि तिन्ही एका ओळीत नाहीत, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. पेटी लांब हवी, बोक्याच्या दीडपट. दुकानातल्या लहान पडतात, मी भांडी घासायचा मोठा प्लॅस्टिकचा टब घेतला आणि एक बाजू कापून कडेला पट्टी शिवली. सुगंधी लिटर नको. बॉबीनला कन्हानची चाळलेली रेती चालते, गुंड्याला गोळा होणारं लिटर. दिवसातून दोनदा उपसायचं. जेवणाची वाटी पेटीपासून लांब, आणि दोघांच्या वाट्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा. एक मांजर वाटेत आडवं बसून दुसऱ्याला पेटीपर्यंत जाऊ देत नाही, हे भांडण आवाज न करता चालतं. ते बघायला शिका.

धुतलेल्या जागेचं काम बदला. बोका जिथे जेवतो तिथे सहसा फवारा मारत नाही. खिडकीखाली मी गुंड्याची वाटी ठेवली, दाराजवळ त्याची गोधडी. मशीनशेजारच्या टेबलाच्या पायाला बारदान घट्ट गुंडाळून शिवलं, आता तो तिथे नखं घासतो. नखं घासणं हीसुद्धा निशाणीच, फक्त धुवावी लागत नाही. अजून एक साधी गोष्ट: स्वच्छ मऊ सुती कापड त्याच्या गालांवरून हळू फिरवायचं आणि तेच कापड निशाणीच्या जागी, त्याच्या नाकाच्या उंचीवर घासायचं. गालाचा वास म्हणजे "इथे सगळं ठीक आहे". त्या वासावर ते लघवी टाकायला कचरतात. मी हे रोज सकाळी महिनाभर केलं.

गिऱ्हाइकांच्या पिशव्या आता जमिनीवर राहत नाहीत. आल्या की लोखंडी पेटीत, झाकण बंद. चपला उंबऱ्याबाहेर. ही शिस्त घरात सगळ्यांना लावावी लागली, आणि गिऱ्हाइकांनाही. कारण सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही.

नसबंदी झालेला दहातला एखादा बोका तरीही निशाणी मारत राहतो. मांजरीही कधी मारतात, ऑपरेशन झालेल्याही. तसं असेल तर लघवी तपासून घ्या, खडे किंवा सूज निघू शकते. ते नसेल तर गालाच्या वासासारखं द्रव्य हवेत सोडणारं यंत्र मिळतं, प्लगला लावायचं. त्यानेही भागलं नाही तर डॉक्टर फ्लुओक्सेटीनसारखं मन शांत करणारं औषध देतात. ते गुण यायला आठवडे घेतं, आणि मात्रा वजनावर ठरते. घरातल्या माणसाची गोळी तोडून द्यायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायचं नाही.

गुंड्याची शेवटची निशाणी २१ जुलैची, मागच्या दारावर. माझ्या मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या तारखा आहेत, तुम्हीही लिहा, त्याशिवाय कमी होतंय की नाही ते कळत नाही. तेव्हापासून दर वर्षी होळी झाली की कूलर पुसायला काढते. नव्या ताट्या लावते, जाळीच्या गाठी घट्ट करते, आणि पाणी भरायच्या आधी रात्री दिवा घालवून टॉर्च घेऊन अंगणात एक फेरी मारते. यंदा स्टँडच्या उजव्या पायावर एक ओघळ होता. धुतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितला, मगच कूलर लावला.